चार कोटी अंकांचं करायचं काय?

एक संख्या आहे. सेकंदाला एक अंक या वेगाने ती मोठ्याने वाचायला घेतलीत, मधे जेवण नाही, झोप नाही, लेक्चरही नाही, तरी ती संपायला जवळपास ४७५ दिवस लागतील. म्हणजे एफवायला कॉलेज सुरू झालं त्या दिवशी पहिला अंक उच्चारलात, तर शेवटचा अंक येईपर्यंत एसवायची पहिली सेमिस्टर संपत आलेली असेल. लिहून काढायची म्हणाल, तर एका पानावर हजार अंक बसवूनही दोनशे पानी २०५ वह्या भरतील आणि २०६ वी उघडावी लागेल.

या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आणि एवढ्या अवाढव्य संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुठल्याही संख्येने नि:शेष भाग जात नाही. शाळेत २, ३, ५, ७, ११ अशी ज्यांची ओळख झाली होती, त्या मूळ संख्यांच्या घराण्यातलीच ही. १२ ऑक्टोबर २०२४ ला ती मूळ असल्याची खात्री पटली, २१ ऑक्टोबरला ते जगाला सांगितलं गेलं आणि माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हा मान तिला मिळाला.

मी मास कॉमची. ही माहिती ग्रुपवर टाकली तर पहिलाच रिप्लाय आला, ‘बरं मग? उपयोग काय?’

प्रश्न ओळखीचा वाटला ना? फिलॉसॉफी घेतलेल्या मुलाला, प्युअर मॅथ्स करणाऱ्या मुलीला, पाली किंवा संस्कृत निवडणाऱ्या कुणालाही दर दिवाळीला कुणी ना कुणी काका हाच प्रश्न विचारतात. तेव्हा म्हटलं, चला, या चार कोटी अंकांच्या वतीने एकदा त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधून बघू. आपल्यालाही कामाला येईल.

तांदळाचे दाणे, त्यात एक कमी

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. बक्षीस म्हणून ‘एवढंसं’ धान्य मागणाऱ्याला राजा हसतो आणि मग कोठारं रिकामी व्हायची वेळ येते.

त्या गोष्टीत आपल्या कामाची एक गंमत आहे. पहिल्या तीन घरांतले दाणे मिळून ७ होतात, म्हणजे चौथ्या घरातल्या ८ पेक्षा एक कमी. पाच घरांचे ३१ होतात, म्हणजे सहाव्या घरातल्या ३२ पेक्षा एक कमी. कितीही घरं घ्या, बेरीज कायम २ च्या कुठल्या तरी घातापेक्षा एकने कमीच येते.

आता प्रश्न असा, की ही बेरीज मूळ संख्या कधी असते? दोन घरांची बेरीज ३, मूळ. तीन घरांची ७, मूळ. चार घरांची १५, नाही. पाचांची ३१, मूळ. सहांची ६३, नाही. सातांची १२७, मूळ. पॅटर्न दिसला? घरांची संख्याच मूळ नसेल, तर बेरीज मूळ असणं शक्य नाही. सहा घरांचे तीन-तीनचे दोन गट पाडून बघा. पहिल्या गटात ७ दाणे, दुसऱ्यात त्याच्या आठपट, म्हणजे ५६. दोन्हींना ७ ने भाग जातो, मग बेरजेला जाणारच. गोष्टीतला चौसष्ट घरांचा पट तर त्याआधीच बाद, कारण त्याच्या बेरजेचा शेवटचा अंक ५ आहे.

मग घरांची संख्या मूळ असली की झालं? तिथेच तर मेख आहे. ११ ही मूळ संख्या, पण ११ घरांची बेरीज २०४७ आणि ती निघते २३ गुणिले ८९. म्हणजे मूळ घरं घेतली तरी नशीब लागतंच असं नाही. प्रत्येक पट वेगळा तपासावा लागतो.

आपली विक्रमी संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ घरांच्या पटावरची बेरीज. गणिताच्या भाषेत, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. बायनरीत लिहिलीत तर तेरा कोटी बासष्ट लाखांहून जास्त वेळा नुसता १, मधे शून्य एकही नाही. आणि चार कोटी अंक न लिहिताही तिचा शेवटचा अंक तुम्हाला आत्ता सांगता येईल. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणजे तो घात २ ने संपणार. त्यातून १ वजा केला की उत्तर १. एवढ्या मोठ्या राक्षसाची शेपटी कागदाच्या कोपऱ्यावर पकडता येते.

अशी एक संख्या तर कोडिंग करणाऱ्यांना रोज भेटते. ३१ घरांचा पट घ्या. बेरीज येते २,१४,७४,८३,६४७. सी शिकताना ३२ बिटच्या ‘इंट’ची कमाल मर्यादा म्हणून पाठ केलेला आकडा हाच. ही मूळ संख्या आहे हे लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती.

एक यादी आणि तीन वर्षांचे रविवार

या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, आणि त्यातल्या ज्या मूळ निघतात त्यांना मर्सेन मूळ संख्या. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चालायचा. १६४४ मध्ये त्याने ठोकून दिलं, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ याच घातांकांना मूळ संख्या मिळते. हाताने हे सगळं तपासणं त्या काळात शक्यच नव्हतं. यादी पुढे चुकीची निघाली. ६७ आणि २५७ तिथे नको होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. पण नाव त्याचंच चिकटलं.

त्यातल्या ६७ ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं होतं, की ही संख्या मूळ नाही. पण मग तिचे अवयव कोणते? ते कुणालाच सापडत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. आधी २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला एक गुणाकार मांडला, १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि शाळेतल्या पद्धतीने तो पूर्ण केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती वेळ लागला, यावर त्यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असं उत्तर दिल्याचं सांगितलं जातं.

जरा थांबून विचार करा. तीन वर्षांचे रविवार घालवून माणसाने सिद्ध काय केलं? तर एक संख्या मूळ ‘नाही’. नवा विक्रम नाही, बक्षीस नाही. पण त्यानंतर त्या संख्येबद्दल कुणाला शंका राहिली नाही. या सगळ्या शोधाचा स्वभाव त्या एका फळ्यात आहे.

शून्य आलं की जिंकलात

चार कोटी अंकी संख्येला भाग जातो का, हे एकेक मूळ संख्येने भागून बघायचं म्हटलं तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. मर्सेन संख्यांचं भाग्य असं, की त्यांच्यासाठी एक खास परीक्षा आहे. ल्युकाने तिचा पाया घातला आणि १९३० च्या दशकात डेरिक लेमर या अमेरिकन गणितज्ञाने ती सोपी करून दिली. नियम इतका साधा आहे, की तुम्ही कँटीनमध्ये बसून टिश्यू पेपरवर करू शकता.

सुरुवात ४ ने. त्याचा वर्ग करा, २ वजा करा. उत्तराला तुमच्या मर्सेन संख्येने भागा आणि फक्त बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही.

३१ वर करून बघू. घातांक ५, म्हणजे तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, उत्तर १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, म्हणजे बरोबर ३१ दुणे. बाकी शून्य. पास! १२७ साठी पाच फेऱ्या लागतात: १४, ६७, ४२, १११ आणि शून्य. तीही पास. २०४७ वर नऊ फेऱ्या करा, शेवटी १७३६ उरतात. नापास. गंमत म्हणजे २३ आणि ८९ चा पत्ता नसतानाही तुम्हाला कळलं, की ती मूळ नाही.

विक्रमी संख्येसाठी या फेऱ्या होतात १३,६२,७९,८३९. प्रत्येक फेरीत चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. इथे शाळेतला गुणाकार चालत नाही. इंजिनीअरिंगवाल्यांनो, एम-थ्रीमध्ये ज्याने छळलं तो फुरिये ट्रान्सफॉर्म इथे धावून येतो. त्याच्या वेगवान पद्धतीमुळेच एवढे मोठे गुणाकार आवाक्यात येतात.

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ म्हणजे ‘गिम्प्स’ सुरू केलं. सॉफ्टवेअर मोफत. आपल्या कम्प्युटरवर टाकायचं, सर्व्हर एक घातांक देतो, मशीन मोकळं असेल तेव्हा ते तपासत बसतं आणि निकाल परत पाठवतं. २०२४ पर्यंत या मंडळींना १८ मर्सेन मूळ संख्या सापडल्या. त्याआधीच्या मिळून एकूण ५२.

अठ्ठावीस वर्षांत १८. बाकी सगळ्यांच्या वाट्याला काय? ‘नाही’. दिवसचे दिवस मशीन चालवायचं आणि शेवटी ‘ही मूळ नाही’ एवढंच हाती. टेनेसीतले जोनाथन पेस फेडेक्स कंपनीत नोकरी करायचे. १४ वर्षं शोधत राहिले, तेव्हा २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांना एक सापडली. मिसुरीतल्या प्राध्यापक कर्टिस कूपर यांच्या मशीनने तर १७ सप्टेंबर २०१५ लाच विक्रमी संख्या शोधून सर्व्हरला कळवली होती. पण सूचनेचा मेल गेलाच नाही आणि ७ जानेवारी २०१६ पर्यंत कुणाचं तिकडे लक्षच गेलं नाही. अधिकृत शोधाची तारीख मग ७ जानेवारीच धरली गेली. मशीनला कळून भागत नाही, माणसाने बघावं लागतं!

आता उपयोगाचं बोलू

या विषयावर बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मोठ्या मूळ संख्यांवर बँकेची सुरक्षा चालते, म्हणून त्या शोधतात.’ अर्धं खरं, अर्धं खोटं.

खरं हे, की सुरक्षेला मूळ संख्या लागतात. आरएसए नावाच्या पद्धतीत साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो आणि त्या दोन संख्या गुपित. व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्शनमध्ये जो वक्र वापरला जातो, त्याच्या मुळाशी २ चा २५५ वा घात वजा १९ ही ७७ अंकी मूळ संख्या आहे. ती २ च्या घाताच्या इतकी जवळ निवडली आहे, कारण तशा संख्येशी हिशेब करणं कम्प्युटरला सोपं जातं.

खोटं हे, की त्यासाठी चार कोटी अंक लागतात. एवढी मोठी संख्या वापरायला गेलात तर ‘गुड मॉर्निंग’ पोचेपर्यंत रात्र होईल. शिवाय जी संख्या अख्ख्या जगाला माहीत आहे, ती गुपित म्हणून काय कामाची? तेव्हा ग्रुपवरच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हेच: या संख्येचा आज व्यवहारात काहीही उपयोग नाही.

पण आता जुन्या विक्रमांकडे बघा.

मार्च १९७१. आयबीएममधल्या ब्रायंट टकरमन यांनी २ चा १९,९३७ वा घात वजा १ ही ६,००२ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. जगातली सगळ्यात मोठी. उपयोग शून्य. सात वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९७८ ला, कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या लॉरा निकेल आणि लँडन कर्ट नॉल यांनी तो विक्रम मोडला. त्यांची संख्या ६,५३३ अंकी. दोघं शाळेत शिकणारी, वय वर्षं १८. तिथल्या विद्यापीठाचा कम्प्युटर वापरून त्यांनी ती शोधली होती. झालं, टकरमन यांची संख्या आता विक्रमीही राहिली नाही.

१९९७ मध्ये जपानच्या माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांना कम्प्युटरसाठी यादृच्छिक, म्हणजे रँडम आकडे तयार करण्याची एक चांगली पद्धत हवी होती. असे आकडे सूत्रातून येतात, त्यामुळे कधी ना कधी तीच मालिका पुन्हा सुरू होते. ती जितकी उशिरा सुरू होईल तितकं बरं. त्यांनी मालिकेची लांबी ठेवली बरोबर टकरमन यांच्या संख्येएवढी. ती संख्या मूळ असल्यामुळे मालिका मधेच, आखूड अंतरावर परत फिरत नाही हे सिद्ध करणं सोपं झालं. पद्धतीचं नाव ‘मर्सेन ट्विस्टर’. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट रँडम’ लिहून तुम्ही प्रॅक्टिकलच्या फाइलसाठी फासे टाकता, नाणी उडवता, रोल नंबर शफल करता, तेव्हा आत हीच पद्धत चालू असते. (पासवर्ड बनवायला मात्र ती वापरू नका, त्यासाठी वेगळं मॉड्यूल आहे.)

१९७१ मध्ये टकरमन यांना कुणी विचारलं असतं, ‘उपयोग काय?’ तर ‘पायथन’ असं उत्तर त्यांना देता आलंच नसतं. पायथन यायला अजून वीस वर्षं होती.

हे एकच उदाहरण नाही. ३० जानेवारी १९५२ ला राफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने लॉस एंजेलिसच्या एका सुरुवातीच्या कम्प्युटरवर २ चा ५२१ वा घात वजा १ ही मूळ संख्या शोधली. तिचा विक्रम काही तासच टिकला, कारण त्याच दिवशी त्याच मशीनने ६०७ वा घातही पकडला. पण आज अमेरिकेच्या सरकारी मानकांमधला एन्क्रिप्शनचा एक वक्र त्या अल्पायुषी विक्रमावर, ५२१ वर, उभा आहे.

शोधताना हाती लागणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. १९९४ मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांवर काम करत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा, दोनच्या फरकाने येणाऱ्या जोड्या. हिशेब जुळेना. शोधत शोधत ते जिथे पोचले, तिथे दोष सापडला इंटेलच्या नव्या पेंटियम चिपमध्ये! भागाकार करताना ती क्वचित चुकत होती. चिप बदलून देण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. २०१६ मध्ये पुन्हा तेच: इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष गिम्प्सचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनीच उघडकीला आणला. नवा पीसी असेंबल केल्यावर त्याला घाम फोडायला ‘प्राइम ९५’ लावतात ना, ते हेच सॉफ्टवेअर.

याचा अर्थ प्रत्येक निरुपयोगी गोष्टीचं पुढे सोनं होतं, असं मी म्हणणार नाही. ५२ पैकी बहुतेक मर्सेन मूळ संख्यांना अजून कुणी कामाला लावलेलं नाही आणि कदाचित लावणारही नाही. मुद्दा इतकाच, की उपयोग नंतर आला आणि दुसऱ्याच कुणाला तरी सुचला. शोधणारे त्यासाठी शोधत नव्हते. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न वाईट नाही. तो फार लवकर विचारला जातो, एवढंच.

मग आपल्याला जागा आहे का?

आता जरा बोचणारा भाग. या इतिहासात तुमच्या-आमच्या वयाची मुलं सारखी भेटतात. हेवर्डची ती दोघं अठरा वर्षांची. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोलंड क्लार्कसनने २०० मेगाहर्ट्झच्या साध्या पेंटियमवर नऊ लाख अंकी विक्रम केला, तेव्हा तो १९ वर्षांचा विद्यार्थी होता. २००१ मध्ये कॅनडाचा मायकल कॅमेरॉन २० वर्षांचा. त्याचं कारण तर अगदी हॉस्टेलछाप: कम्प्युटर नाहीतरी दिवसभर चालूच असतो, तर त्याला काहीतरी काम दे, असं एका मित्राने सुचवलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नयन हजरतवाला यांच्या घरच्या कम्प्युटरने दहा लाखांहून जास्त अंकांची पहिली मूळ संख्या शोधली आणि त्यांना ५०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं.

२०२४ चा विक्रम मात्र वेगळा आहे. तो ल्यूक ड्युरँट यांचा. वय ३६, एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीतले माजी कर्मचारी. त्यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू सर्व्हर जोडून अक्षरशः फौज उभी केली. पहिली चाहूल लागली ती आयर्लंडच्या डब्लिनमधल्या जीपीयूवर, खात्री पटली दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या जीपीयूवर. २८ वर्षं विक्रम साध्या पीसीच्या नावावर लागत होते. ती परंपरा तिथे थांबली. गिम्प्सचं ३,००० डॉलरचं बक्षीस अलाबामातल्या आपल्या जुन्या शाळेला देणार, असं ड्युरँट यांनी जाहीर केलं, हे छानच. पण भाड्याने घेतलेल्या त्या फौजेपुढे आपला ईएमआयवर घेतलेला लॅपटॉप कुठे टिकणार?

खरं सांगायचं तर विक्रमाच्या शर्यतीत अवघड आहे. दार बंद झालेलं नाही, घातांक अजूनही कुणालाही मिळतो. पण हौस असेल तर लॅपटॉप किती तापतो याकडे लक्ष ठेवा आणि विजेच्या बिलाबद्दल पीजीच्या काकूंना आधी सांगा. दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी ठेवलेलं दीड लाख डॉलरचं बक्षीस अजून कुणी नेलेलं नाही.

मात्र ज्याला जीपीयू लागत नाही, असं एक दार आपल्याच देशात उघडलं गेलं आहे. ऑगस्ट २००२, आयआयटी कानपूर. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतंच बीटेक झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. कुठलीही संख्या, मर्सेन असो वा नसो, मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि अंकांच्या तुलनेत वाजवी वेळात सांगणारी पद्धत असू शकते का, हा प्रश्न जगभरातले गणितज्ञ कित्येक वर्षं सोडवत होते. या तिघांनी ती शोधून दाखवली, आणि तीही तुलनेने साध्या बीजगणितातून. तिघांच्या आडनावांवरून तिला ‘एकेएस’ म्हणतात. २००६ मध्ये त्यांना ‘गोडेल प्राइज’ मिळालं. एकेएस वापरून विक्रमी संख्या कुणी शोधत नाही, त्यासाठी ती फार हळू चालते. पण विक्रम दर काही वर्षांनी मोडतात. एकेएसचा सिद्धांत कुणी मोडू शकणार नाही.

असे प्रश्न अजून शिल्लक आहेत. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चार ओळींत सिद्ध केलं. म्हणजे आपल्या राक्षसाहून मोठ्या मूळ संख्या आहेतच, फक्त त्यांचा पत्ता सापडायचाय. पण मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का? त्रेपन्नावी आहे तरी का? हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. दुसरा प्रश्न याहून जुना. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. २८ चंही तसंच. अशा परिपूर्ण संख्यांपैकी प्रत्येक सम संख्येमागे एक मर्सेन मूळ संख्या असते. आपल्या राक्षसामुळेही एक नवी परिपूर्ण संख्या मिळाली, ८,२०,४८,६४० अंकांची. पण विषम परिपूर्ण संख्या असते का? एकही सापडलेली नाही, आणि नसतेच हेही कुणी दाखवू शकलेलं नाही. प्रश्न सहावीतल्या मुलाला समजेल, उत्तर जगात कुणाकडे नाही.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत काकांनी फराळाचं ताट पुढे करत विचारलंच, ‘काय रे, याचा पुढे उपयोग काय?’ तर वाद घालू नका. त्यांच्याच मोबाइलमधलं व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि २ च्या २५५ व्या घातापासून सुरुवात करा. चकली संपेपर्यंत ३१ ची परीक्षाही करून दाखवता येईल. तीनच फेऱ्या आहेत.